पावसाळ्यात शाळेचं बाहुलीनाट्य: संकासूर, मृदंग आणि स्पंजची डोकी (प्रकल्प नोंदी)

कुडाळ तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, सहावी-सातवी मिळून २२ पोरं. आनंददायी शनिवारी दप्तर नसतं, तेव्हा काय करायचं हा प्रश्न सगळ्याच शाळांना पडतो, म्हणून या नोंदी ठेवल्या. संगीत, नाटक, विनोद आणि बाहुल्या असं सगळं एका २० मिनिटांच्या खेळात आणायचं ठरलं. कोकणातल्या पावसात हे करणार असाल तर बाहुल्यांची डोकी आणि पत्र्याचा आवाज हे दोन भाग तरी वाचाच, बाकीचं वरवर चाळलं तरी चालेल.

२१ जून २०२५

आज फक्त ठरवाठरव. खेळ २३ ऑगस्टला, कारण २७ला चतुर्थी आणि त्यानंतर आमच्याकडे कोणी कोणाला सापडत नाही. गोष्ट पोरांनीच काढली. दशावताराच्या (कोकणातलं जत्रेतलं लोकनाट्य) सुरुवातीला, मुख्य आख्यान लागायच्या आधी, संकासूर येतो हे इथल्या प्रत्येक पोराने जत्रेत पाहिलेलं आहे. काळे कपडे, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ आणि तोंडात मालवणी. मूळ गोष्टीत तो वेद पळवतो आणि मग विष्णूला मत्स्यावतार घ्यावा लागतो. सातवीतला एक जण म्हणाला, वेद कशाक, दप्तरां पळवूक सांगा त्येका! झालं, तेच नाटक. संकासूर शाळेतली दप्तरं पळवतो, गुरुजी ती परत मिळवायला निघतात आणि पोरांना ती अजिबात परत नको असतात.

मी आधी सर्कशीतल्या जोकरचा विचार केला होता, लाल नाक वगैरे. पण आमच्यातल्या बहुतेकांनी सर्कस पाहिलेलीच नाही, त्यांना जोकर म्हणजे वाढदिवसाच्या बॅनरवरचा. संकासूर आला की हसायचं कुठे हे त्यांना आधीपासून माहिती आहे, मग घरचा विदूषक सोडून बाहेरचा कशाला आणा.

पैसे: शिक्षकांनी मिळून २,००० जमवले. यातच बसवायचं.

२८ जून

डोकी बनवली. पोरांचा उत्साह इतका की तालीम वगैरे कोणाला नकोच होती, सगळ्यांना लगद्यात हात घालायचे होते. पद्धत नेहमीचीच, फुगा फुगवायचा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून त्यावर चिकटवायच्या, थरावर थर, मानेला पुठ्ठ्याची नळी. ११ डोकी झाली. व्हरांड्यात दोरीवर टांगून ठेवली.

खर्च: मैदा, फुगे, ब्रश, पोस्टर कलर, फेविकॉल मिळून ६४०. एका दिवसात बजेटचा एक तृतीयांश गेला आणि हातात काय तर ११ ओले गोळे.

५ जुलै

व्हायचं तेच झालं. आठवडाभर सूर्य दिसला नाही, डोकी आतून ओली, बाहेरून हिरवी-काळी बुरशी आणि वास असा की पहिलीची पोरं नाक धरून व्हरांड्यातून जायला लागली. चार डोक्यांचे फुगे आतून सुटले आणि ती बसली ती बसलीच.

कारण सरळ आहे. सगळे थर एकाच दिवशी चढवले. दोन थर, मग पूर्ण वाळवण, मग पुढचे दोन असं करायला हवं होतं, आणि खळ इतकी दाट नको होती. खळीत मोरचूद घाला, बुरशी येत नाही असं दोघातिघांनी सांगितलं. येत नाही हे खरं आहे पण मोरचूद विषारी असतं आणि सहावीतली पोरं बोटं चाटतात, त्यामुळे तो विषय तिथेच बंद.

उरलेल्या सात डोक्यांसाठी खोक्याचा ड्रायर केला. मोठं खोकं, आत जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब, वर भोकं, डोकी बल्बपासून वीतभर लांब टांगलेली, आणि मी समोर बसून, कारण पुठ्ठा आणि गरम बल्ब एकत्र सोडून उठायचं नाही. तीन तास बरं चाललं, मग लाईट गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही.

पोषण आहाराच्या वजनकाट्यावर त्यातल्या त्यात वाळलेलं एक डोकं ठेवलं, १४० ग्रॅम. ऐकायला काही नाही, पण तर्जनीवर घालून हात वर धरा आणि दोन मिनिटं संवाद म्हणा. सातवीतल्या धडधाकट पोराचंही मनगट लुळं पडलं आणि बाहुली गुरुजी प्रेक्षकांकडे बघायच्या ऐवजी स्वतःच्या पायांकडे बघत बोलायला लागले.

१२ जुलै

बाहुल्या नाहीत, त्यामुळे नाइलाजाने रिकाम्या हातांनी तालीम. आणि आत्तापर्यंतचा सगळ्यात कामाचा दिवस हाच.

गावातले दशावतारी कंपनीत मृदंग वाजवणारे आबा आले होते. पावसात कंपन्या बंद, भाताची लावणीही आटपलेली, म्हणून वेळ होता. मी त्यांना संहिता दाखवली (तेव्हा होती, सहा पानी), त्यांनी चष्मा न लावताच परत दिली. म्हणाले, "बाईनू, आधी ताल धरूक शिकवा, बोलणां मागसून."

मग त्यांनी कहरवा घेतला. धागेनाती नकधिन, आठ मात्रा. टाळ्या पण सरसकट नाही, पहिल्या मात्रेला टाळी, पाचव्याला हात उघडा, तोंडाने बोल. पोरांची लय दर चार आवर्तनांनी धावायची, अगदी ठरल्यासारखी. त्यावर त्यांनी केलेला उपाय लिहून ठेवण्यासारखा आहे: बोल चालू ठेवून वर्गात चालायचं, पाऊल फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेला. अंग मध्ये आलं की लय पळत नाही. अर्ध्या तासात २२ पैकी १७-१८ जण नीट चालायला लागले. उरलेल्यांना झांज दिली नाही, एवढंच सांगते. झांज चुकली की सगळा गाव ऐकतो.

यानंतर हात. रिकामा हात हीच बाहुली, तर्जनी म्हणजे डोकं, अंगठा आणि मधलं बोट म्हणजे दोन हात. संकासूर चालतो कहरव्यात, गुरुजी दादऱ्यात, धाधीना धातीना, सहा मात्रा, थोडे डुलत. चेहरा नाही, कपडा नाही, तरी बाकावरच्या पोरांना कोण आलं ते कळत होतं. एका मुलीने हात नुसता थांबवला, हळूच प्रेक्षकांकडे वळवला आणि परत दप्तराकडे, आणि वर्ग खो खो हसला. तिथेच ठरवलं की डोकी झाली नाहीत तरी घाई करायची नाही.

पेटीची एक अडचण. आमच्या गाण्यात एक ओळ मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत, उतरते. मी आपला सवयीने काळी एकला सा धरला, तर त्या ओळीला पोरांचा आवाज गायबच. सा वर, पांढरी चारला नेला आणि ओळ ऐकू आली. वरचा भाग थोडा किंचाळल्यासारखा होतो, चालेल. शिवाय पावसाने पेटीच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येतच नाहीत. रात्री पेटी कापडात गुंडाळून धान्याच्या कोठीच्या खोलीत ठेवते, तिथे जरा कोरडं असतं.

१९ जुलै

पिंगुळीला गेलो. आमच्यापासून जवळ आहे आणि तरी निम्म्या पोरांनी ते कधी पाहिलेलं नव्हतं. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवून गोष्ट सांगायची कला), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या तिथे एकत्र बघायला मिळतात. ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय गुरांच्या गोठ्यात सुरू झालं, ते उभं करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. गोठ्यात म्युझियम होऊ शकतं तर आपल्या व्हरांड्यात नाटक का नाही, असं एकाने परत येताना विचारलं, आणि मला काही उत्तर सुचलं नाही.

कामाच्या दृष्टीने बघितलेली गोष्ट: कळसूत्री बाहुलीचे डोळे मोठे आणि रेषा जाड असतात, कारण लांबून वाचता आलं पाहिजे. आमच्या पोरांनी आपल्या डोक्यांवर पापण्यांचे केससुद्धा काढले होते.

परत आल्यावर दोघांनी हट्टाने दोऱ्यांची बाहुली केली. पाच दोरे, दुपारपर्यंत एकच गाठ. सोडून दिली. दोऱ्यांच्या बाहुलीला वर्षभराचा सराव लागतो, तो आपल्याकडे नाही, हातमोजा बाहुलीच बरी.

कोणीतरी विचारलं की नाटकवाले आणि बाहुलीवाले वेगळे कशाला. १८४३ मध्ये सांगलीला सीतास्वयंवर करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, म्हणजे फार काही वेगळे नसावेत, असं सांगून मोकळी झाले.

२६ जुलै

नवी डोकी. कुडाळच्या गादीवाल्याकडून स्पंजचे तुकडे आणले, एक पोतं, फुकट. तो टाकूनच देणार होता. तुकडा मुठीएवढा, धारदार कात्रीने आधी कोपरे कापायचे, मग डोळ्यांचे खड्डे, नाक वेगळं कापून फेविकॉलने लावायचं. खालून तर्जनीच्या दोन पेरांएवढं भोक. त्यावर जुन्या मोज्याचं कापड ताणून टाचायचं. वजन २५ ग्रॅम. बुरशी नाही, हातातून पडलं तरी फुटत नाही, पहिलीच्या पोराने चावलं तरी काही होत नाही (चावलं, म्हणून लिहिते).

स्पंजला पोस्टर कलर लावू नका, तो पिऊन टाकतो आणि कडक होतो. डोळे म्हणून शर्टाची मोठी पांढरी बटणं, मध्ये मार्करने काळा ठिपका. ठिपका बरोबर मध्ये काढला तर बाहुली शून्यात बघते, थोडा नाकाकडे सरकवला की समोरच्याकडे बघते. हे एवढंसं काम पण फरक प्रचंड आहे, सगळ्यांची बटणं काढून परत लावली.

झग्यांचा घोळ वेगळाच. कागदी माप मी माझ्या हातावरून काढलं होतं, पोरांच्या हातात झग्याच्या बाह्या लोंबायला लागल्या, बाहुलीचे हात उचललेच जाईनात. आता प्रत्येकाचा हात कागदावर ठेवून, तीन बोटं फाकवून, कडेने दोन बोटं जागा सोडून रेघ मारतो. आणि झगा कोपरापर्यंत हवा, मनगटाशी संपला तर हात वर गेला की खालून पोराचा युनिफॉर्म दिसतो. ११ झगे परत शिवले. कापड घरच्या जुन्या साड्यांचं, शिलाई एका पालक ताईंनी मशीनवर करून दिली, तिला पैसे नको होते, दोऱ्याची रिळं मात्र आम्ही आणली, ८०.

२ ऑगस्ट

पहिली सलग तालीम, सभागृह म्हणजे पत्र्याची शेड. पडदा: दोन बांबू, मध्ये दोरी, काळं पॉपलीन ५ मीटर, ३७५. मागून उजेड आला की पोरांच्या सावल्या कापडावर दिसतात, म्हणून मागची खिडकी गोणपाटाने बंद केली.

उंचीचा गोंधळ अपेक्षेप्रमाणे. सातवीतल्यांची डोकी पडद्याच्या वर, सहावीतल्यांच्या बाहुल्या पडद्याच्या खाली. उंच पोरं गुडघ्यांवर (खाली गोणपाटाच्या घड्या, नाहीतर गुडघे सोलतात), बुटकी पोरं पाटावर. तरी तीन मिनिटांनंतर प्रत्येक बाहुली हळूहळू बुडायला लागते, पोराला स्वतःला ते कळत नाही. त्यामुळे कोणताही प्रवेश दोन मिनिटांच्या वर नाही, प्रवेश संपला की हात बदलायचा.

हे सगळं होईपर्यंत पाऊस सुरू झाला. पत्र्यावर आमचा पाऊस! मी तिसऱ्या रांगेत होते आणि मला एक शब्द ऐकू आला नाही. पोरं ओरडायला लागली, मग गळे बसले, मग एकाला खोकला. माईकचा विचार केला, भाडं ८००, आणि पडद्यामागे ११ जण हलत असताना माईक धरणार कोण, आणि लाईट गेली तर? माईक रद्द.

सहा पानी संहिता घेऊन बसलो आणि कापत गेलो. नियम एकच: हातवाऱ्यांनी कळतं ते वाक्य काढायचं. शेवटी सगळ्या नाटकात १४ वाक्यं उरली, तीही छोटी, आणि प्रत्येक वाक्याआधी मृदंगावर एक थाप, म्हणजे लोक कान देतील. पाठांतराचं ओझं गेलं आणि मागे बसलेल्या पोरांचे चेहरे उजळले. खरं तर दशावतारातही लिहिलेली संहिता नसते, नट आख्यान ठरवून उभे राहतात आणि बोलतात. आबांनी तेव्हा चष्मा का लावला नाही ते कळलं.

पावसाचा उपयोगही करून घेतला. संकासूर दप्तरं घेऊन समुद्रात जातो तिथे सुपात मूठभर तांदूळ घेऊन हळूहळू कलतं करायचं, लाटेचा आवाज येतो. गडगडाटाला पत्र्याचा तुकडा हलवायचा. गुरुजींच्या घोड्याला दोन करवंट्या. पाऊस जोरात असेल तर सूप ऐकू येत नाही, मग नुसता पाऊसच समुद्र.

११ ऑगस्ट

शनिवारी रक्षाबंधन होतं, म्हणून आज शाळा सुटल्यावर. संकासूर पडद्याबाहेर, जिवंत नटाने करावा असं ठरलं, बाकी सगळ्या बाहुल्या. त्यामुळे आजचा विषय विनोद.

पहिला धडा: आत ये, लोकांकडे बघ, काहीही करू नकोस, जा. एकालाही जमेना. आल्या आल्या वाकडं तोंड, जीभ, ढेंगा. तोंड वाकडं करणाऱ्याला मी परत पाठवत होते, काही जण चार वेळा परत गेले. शेवटी सातवीतली एक मुलगी, जी वर्गात कधी हसतच नाही, ती आली, लोकांकडे बघितलं, खुर्ची बघितली, परत लोकांकडे बघितलं, खुर्चीला नमस्कार केला आणि गेली. तीच संकासूर. दोघा मुलांनी नाकं मुरडली, संकासूर मुलगी कशी म्हणून. मी म्हटलं, दशावतारात बाप्ये शेकडो वर्षं राणी होतात, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत.

दुसरा धडा तीनचा. दप्तर उचलायला जायचं, जड आहे, उचलत नाही. परत जायचं, परत नाही. तिसऱ्यांदा उचललं जातं पण रिकामं असतं आणि संकासूर मागे पडतो. दोनदा सारखं, तिसऱ्यांदा वेगळं. पोरं चौथ्यांदाही पडायला बघतात, कारण हशा मिळालेला असतो, आणि चौथ्यांदा कोणी हसत नाही. हे सांगून पटत नाही, करू द्यावं लागतं.

पडणं: आधी गुडघा, मग ढुंगण, मग पाठ, हनुवटी छातीला. हे गवतावर नाही (चिखल), वर्गातल्या सतरंजीवर. एकाचा कोपर सोलला.

१६ ऑगस्ट

दहीकाला. कोणी आलं नाही. अख्खा शनिवार गेला, कॅलेंडर आधीच बघायला हवं होतं.

२० ऑगस्ट

रंगीत तालीम, प्रेक्षक पहिली-दुसरी. संकासूर आला आणि पहिलीतली एक मुलगी किंचाळून रडायला लागली, तिच्या मागे आणखी तीन. नाटक थांबवावं लागलं.

मुखवटा काढून टाका असं दोन शिक्षकांचं मत पडलं. पण मुखवटा काढला तर संकासूर उरतच नाही. मग आम्ही उलटं केलं. संकासूर आत येतो तो पाठमोरा, हातात चप्पल, पाय न वाजवता. वळतो, पहिलीच्या पोरांना बघतो आणि तोच घाबरून पडद्यामागे पळतो. परत एक डोळा बाहेर. "गे बाय माझे, केवडी पोरां ही!" मघाशी रडणारीने हात वर करून त्याला भ्यॉ केलं, तो धाडकन पडला. यानंतर ती सोडेचना, दर दोन मिनिटांनी भ्यॉ. प्रयोगात हे असंच ठेवायचं, फक्त मृदंगाने तिला आवरायचं.

आबांचा मृदंग दमटपणाने उतरला होता, ताण देऊनही टिकेना. चुलीपाशी लांबून जरा शेक दिला. धुम्याला (मृदंगाच्या डाव्या बाजूला) लावायची कणीक मात्र पोषण आहाराच्या ताईंकडून ताजी, दर वेळी नवी, शिळी लावली की आवाज बसतो.

२३ ऑगस्ट

प्रयोग. पालक, आजी-आजोबा, शेड भरलेली. पाऊस पहिल्या पाच मिनिटांत आला, मग थांबला, मग गाण्याच्या वेळी परत. २० मिनिटांचं नाटक २७ मिनिटं चाललं, कारण भ्यॉ करणारी एक नव्हती, पंधरा होती.

जमलं ते: चालींमुळे कोण आलं ते सगळ्यांना कळलं. दप्तराचा तीनचा खेळ. स्पंजची डोकी, एकही पडलं नाही.

बिघडलं ते: गाणं. पोरं घाबरून धावली, शेवटचं कडवं दुप्पट लयीत संपलं, आबांनी मृदंगावर त्यांना गाठलं म्हणून बाहेर कळलं नाही. दोन बाहुल्या एकाच वेळी हलत होत्या त्यामुळे बोलतंय कोण ते समजेना. बोलणारी हलते, ऐकणारी गप्प राहून तिच्याकडे बघते, हे तालमीत शंभरदा सांगितलेलं प्रयोगात उडून गेलं. आणि पडद्याच्या दोरीची गाठ मधेच सैल झाली, सातवीतल्या उंच मुलाने उरलेला वेळ एका हाताने बांबू आणि एका हाताने गुरुजी धरले.

शेवटी दप्तरं परत येतात तेव्हा बाहुल्यांनी "नको!" म्हणायचं होतं, ते प्रेक्षकांतल्या पोरांनीच म्हटलं, आणि केंद्रप्रमुख पहिल्या रांगेत होते. हसले, नशीब.

१५ सप्टेंबर

गणपतीनंतरचा हिशेब. लगद्याची डोकी ६४० (सगळी वाया, ब्रश सोडून), दोरे ८०, पॉपलीन ३७५, बटणं आणि टाचण्या ९०, काळे कपडे आणि जिभेसाठी लाल सॅटिन २१०, पिंगुळीला जाण्याचं गाडीचं पेट्रोल आणि खाऊ ४५०. एकूण १,८४५. पहिलं डोकं करण्याआधी गादीवाल्याकडे गेलो असतो तर १,३००च्या आत झालं असतं.

बाहुल्या पत्र्याच्या ट्रंकेत, डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून, स्पंजला थेट लागू न देता. कारण एका डोक्याचा कान उंदराने सुट्टीत नेलेला आहे. ते डोकं संकासूराच्या बायकोचं करणार आहोत.

संहिता मागणाऱ्यांना देता येणार नाही, ती आता १४ वाक्यांची चिठ्ठी आहे आणि त्यातलीही निम्मी पुसली गेलीत. ताल, चाली आणि प्रवेशांचा क्रम वर आहे तेवढाच. पाचवीचा गट या शनिवारपासून सुरू होतोय, त्यांना पहिले तीन शनिवार फक्त रिकामे हात आणि कहरवा, स्पंजचं पोतं माळ्यावर टाकलंय.